डॅडी परगावी गेल्यावर

१९२५ च्या ऑक्टोबर महिन्यात एके दिवशी ‘शिकागो ट्रिब्यून’च्या अंकात एक चित्रपट्टी आली नाही. लाल कुरळ्या केसांच्या एका अनाथ मुलीची ती गोष्ट रोज चारेक चौकटींनी पुढे सरकायची. ती सुरू होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. वाचकांच्या फोनांनी कचेरी अशी हैराण झाली की दुसऱ्या दिवशी ट्रिब्यूनला राहिलेली आणि त्या दिवसाची अशा दोन्ही पट्ट्या छापाव्या लागल्या, शिवाय पहिल्या पानावर माफीही मागावी लागली. ‘लिटल ऑर्फन ॲनी’ हे त्या पट्टीचं नाव. पुढे चारच वर्षांनी अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला, महामंदी आली. १९३३ पर्यंत काम करू शकणाऱ्या दर चार माणसांमागे एकाच्या हाताला काम उरलं नाही. लोकांनी अनेक खर्च कमी केले, पण ॲनीची सोबत सोडली नाही. १९३७ मध्ये ‘फॉर्च्यून’ मासिकाने वाचकांचा कौल घेतला तेव्हा देशातली सर्वांत आवडती चित्रपट्टी म्हणून तिचंच नाव पुढे आलं.

या लोकप्रियतेची दोन स्पष्टीकरणं नेहमी दिली जातात. पहिलं असं की भुकेल्या माणसाला श्रीमंत बापाचं स्वप्न हवं असतं. ॲनीला ऑलिव्हर वॉरबक्स नावाचा अब्जाधीश ‘डॅडी’ मिळाला आणि प्रत्येक वाचकाला वाटलं, आपल्यालाही असा कुणी भेटेल. दुसरं स्पष्टीकरण राजकीय आहे. चित्रकार हॅरॉल्ड ग्रे कट्टर उजव्या विचारांचा, सरकारी मदतीचा शत्रू. त्याने स्वावलंबनाचा आणि भांडवलशाहीचा प्रचार एका गोंडस मुलीच्या तोंडून केला आणि लोकांना तो कळलाच नाही. दोन्हींत तथ्य आहे. पण पट्टी ज्या क्रमाने छापली गेली त्या क्रमाने, रोजच्या रोज, वर्षानुवर्षं वाचत गेलं की एक साधी गोष्ट डोळ्यांत भरते. या गोष्टीत डॅडी घरी असा नसतोच. तो व्यापारासाठी परदेशी जातो, बेपत्ता होतो, दिवाळखोर होतो, आंधळा होतो, तुरुंगात जातो, एकदा तर मरतोसुद्धा. त्याच्या जाण्याने जी जागा रिकामी होते तिथे ॲनीची खरी गोष्ट घडते, आणि त्या जागेत सापडतात ती भाड्याच्या खोलीची मालकीण, गल्लीतला दुकानदार, कर्जात रुतलेला शेतकरी. ग्रेला काय सांगायचं होतं ते बाजूला ठेवू. मंदीतल्या वाचकाला रोज काय दिसत होतं ते पाहिलं तर ही पट्टी आधार तुटण्याची आणि परक्याच्या उंबरठ्यावर पुन्हा उभं राहण्याची आहे. तिचं बळ त्या पोरकेपणात आहे आणि ज्या ज्या वेळी ते पोरकेपण झाकलं गेलं त्या त्या वेळी पट्टी दुबळी झाली, असं माझं म्हणणं आहे.

ग्रेचा जन्म १८९४ चा, इलिनॉय राज्यातल्या कँकाकीचा. तो शेतकरी घरात, मिडवेस्टच्या सपाट मक्याच्या मुलखात वाढला. पर्ड्यू विद्यापीठातून १९१७ मध्ये त्याने इंजिनिअरिंगची पदवी घेतली, पण शिरला वृत्तपत्रात. पहिल्या महायुद्धात लष्करात संगीन चालवायला शिकवलं, परत आल्यावर जाहिरातींची चित्रं काढली आणि १९२१ पासून सिडनी स्मिथच्या ‘द गम्प्स’ या तुफान चालणाऱ्या पट्टीसाठी अक्षरलेखनाचं काम केलं. रोज दुसऱ्याच्या पात्रांचे संवाद फुग्यांत सुबक अक्षरांत भरायचे, हे काम वरकरणी कंटाळवाणं. पण वाचकाला उद्यापर्यंत टांगून कसं ठेवायचं याचं शिक्षण त्याला तिथेच मिळालं. ‘न्यूयॉर्क डेली न्यूज’चा जोसेफ मेडिल पॅटर्सन नव्या पट्टीच्या शोधात होता. ग्रेने त्याला ‘ऑटो’ नावाच्या अनाथ मुलाची कल्पना दाखवली आणि पॅटर्सनने त्या मुलाला फ्रॉक घालायला सांगितलं, अशी आख्यायिका आहे. नाव घेतलं गेलं ते कवी जेम्स व्हिटकोम राइलीच्या एका जुन्या, घरोघरी पाठ असलेल्या कवितेवरून. ५ ऑगस्ट १९२४ ला ‘डेली न्यूज’मध्ये ॲनी पहिल्यांदा दिसली ती अनाथाश्रमात, कामाला जुंपलेली.

वर्ष १९२४ आहे, हे विसरून चालत नाही. ॲनीला मंदीचं अपत्य म्हणण्याची पद्धत आहे, पण तेव्हा शहरांत भरभराटीचं दशक चालू होतं. खेड्यांत मात्र महायुद्ध संपल्यावर, १९२०-२१ मध्येच, धान्याचे भाव कोसळले होते आणि शेतकरी गहाणवटीत अडकत चालला होता. शहराला १९२९ नंतर जे भोगावं लागलं ते ग्रेच्या गावाकडची माणसं आधीपासून भोगत होती. शिवाय पोरक्या मुलांना गाडीत बसवून अनोळखी शेतकऱ्यांच्या दारी नेऊन सोडणं ही अमेरिकेतली प्रत्यक्ष रीत होती. १८५४ पासून १९२९ पर्यंत न्यूयॉर्कसारख्या पूर्वेकडच्या शहरांतून सुमारे दोन लाख मुलं आगगाडीने मिडवेस्टकडे पाठवली गेली. स्टेशनवर किंवा गावच्या सभागृहात त्यांना उभं करायचे, कुणी पसंत केलं तर घर मिळायचं. काहींना माया मिळाली, काहींना फुकटचा गडी म्हणून राबवलं गेलं. ॲनीची वणवण कल्पित असली तरी तिची वाट वाचकाच्या परिचयाची होती. ग्रे ज्या मुलखात मोठा झाला तो तर या गाड्यांचा शेवटचा थांबा.

पट्टीचे पहिले काही आठवडेच पाहिले तरी पुढच्या चव्वेचाळीस वर्षांचा साचा सापडतो. मिसेस वॉरबक्स ही नवश्रीमंत बाई अनाथाश्रमातून ॲनीला ‘पसंतीवर’ घरी आणते. एखादं भांडं आणावं, नाही पटलं तर परत करावं, तसं. तिला मुलगी नको, चारचौघींत मिरवायला दानधर्म हवा. मग परदेशातून नवरा परत येतो. टक्कल, रुंद खांदे, शर्टावर हिरा. महायुद्धात तोफा-दारूगोळ्यावर गडगंज झालेला हा माणूस. त्याच्या नावातच युद्ध आणि पैसा हे दोन शब्द जोडलेले आहेत. तो पहिल्याच भेटीत पोरीला सांगतो की मला डॅडी म्हण. आणि थोड्याच दिवसांत पुन्हा कामानिमित्त निघून जातो. तो गेला की बाईसाहेब ॲनीला घराबाहेर काढतात आणि ती जाऊन पोहोचते सायलो नावाच्या कष्टाळू वृद्ध शेतकरी जोडप्याच्या घरी. तिथे बटाटे सोलणं, कोंबड्यांना दाणे टाकणं, आणि जेवणाच्या टेबलावर हक्काची जागा. १९२५ च्या जानेवारीत तिला सँडी हे कुत्र्याचं पिल्लू मिळतं. ते मोठं होतं आणि शेवटपर्यंत तिच्या पायाशी राहतं. पुढे डॅडी परत येतो, सुख येतं, डॅडी जातो, सुख जातं. सँडी मात्र जात नाही.

यावर पहिला आक्षेप लगेच सुचतो. ही तर धारावाहिकाची गरज झाली. अब्जाधीश बाप घरी बसला तर गोष्ट संपेल, म्हणून त्याला हाकलणं भाग. यात अर्थ शोधण्यासारखं काय आहे? मराठी वाचकाला रोजची चित्रपट्टी म्हटल्यावर ‘चिंटू’ आठवतो, पण चिंटूची गंमत त्याच दिवशी पूर्ण होते. अमेरिकेतली साहसपट्टी महिनोन्‌महिने लांबणारी, त्यामुळे तिला संकटांचा अखंड पुरवठा लागतो, हे खरंच. पण संकट पुरवायचे मार्ग शेकडो आहेत. नायकाला खलनायक पुरवता येतो, खजिना पुरवता येतो, अनोळखी बेट पुरवता येतं. त्या काळातल्या बहुतेक पट्ट्यांनी तेच केलं. ग्रेने दर वेळी आधार काढून घेण्याचा मार्ग निवडला. आणि आधार गेल्यावर पुढचे दोन-तीन महिने त्याने जे रंगवलं ते साहस म्हणावं असं क्वचितच असतं. भाडं कसं द्यायचं, दुकान कसं चालवायचं, शेजारी कोण भला आणि कोण आतल्या गाठीचा, हे त्याचे विषय. गरजेतून आलेली क्लृप्ती चव्वेचाळीस वर्षं एकाच दिशेला जात असेल तर ती त्या माणसाची जगाकडे बघण्याची रीत झालेली असते.

१९३१ च्या कथानकात हे सर्वांत लख्ख दिसतं. शेअर बाजार कोसळून दीड-दोन वर्षं झाली होती. बँका बुडत होत्या आणि सरकार अजून हर्बर्ट हूव्हरचं होतं. ग्रेने वॉरबक्सला कफल्लक केलं. महाल गेला, नोकर गेले, मित्र म्हणवणारे ओळख दाखवेनासे झाले. वॉरबक्स आणि ॲनी एका गरीब वस्तीत खोली घेऊन राहू लागतात. मॉ ग्रीन नावाची फटकळ, मायाळू आयरिश बाई त्यांना सांभाळून घेते. कारखान्यांचा मालक आता कामासाठी दारोदार हिंडतो आणि अखेर ट्रक चालवू लागतो. मग अपघात होतो आणि त्याची दृष्टी जाते. आता मिळवती कोण, तर ॲनी. ती गल्लीतल्या दुकानात काम करते आणि आंधळ्या बापाला जगवते. महामंदीने किती घरांत कर्त्या पुरुषाला घरी बसवलं आणि किती पोरांना लवकर मोठं केलं, हे ज्यांच्या घरात घडत होतं तेच लोक सकाळी ही पट्टी उघडत होते. जो माणूस अमेरिकेतल्या यशाची मूर्ती म्हणून उभा केला होता तो बुडतो तेव्हा आळशी नसतो, व्यसनी नसतो, नालायक नसतो. मेहनतीला फळ मिळतंच, असं सांगणाऱ्या चित्रकाराने मेहनती माणूसही असा रस्त्यावर येतो हे महिनोन्‌महिने दाखवलं. काही महिन्यांनी वॉरबक्सला पैसा परत मिळतो, दृष्टीही मिळते. तो भाग परीकथेचा आहे. पण वाचकाच्या मनात उतरणारा काळ मधला आहे, कारण मधला काळच लांब आहे.

ग्रेची रेषा जवळून पाहिली तर हा मधला काळ तिने कसा पेलला ते कळतं. त्याची चित्रं सफाईदार नाहीत. माणसं ओबडधोबड, ठोकळ्यासारखी, हालचाल कमी, अर्धी चौकट संवादाच्या फुग्याने भरलेली. पण अंधार काढावा तर ग्रेनेच. जिन्याखालची सावली, खिडकीबाहेरची रात्र, दिव्याच्या वर्तुळापलीकडचा काळोख तो बारीक रेघांची जाळी विणून असा दाट करत नेतो की वर्तमानपत्राच्या हलक्या कागदावरही खोली थंड वाटते. दिवस संपल्यावर ॲनी अशाच एखाद्या खोलीत बसते आणि सँडीशी बोलते. ती लांबलचक बोलते: आज काय झालं, उद्या काय करायचं, माणसं अशी का वागतात. सँडी ‘आर्फ’ एवढंच म्हणतो. आणि या सगळ्यात तिचे डोळे म्हणजे दोन रिकामी वर्तुळं. बुबुळं नाहीत. पट्टीतल्या इतर माणसांचेही डोळे बहुतेक असेच. या कोऱ्या डोळ्यांची टिंगल पुष्कळ झाली आहे. मला मात्र वाटतं की त्यामुळेच ही मुलगी कधी रडवेली किंवा लाडिक होऊ शकली नाही. तिच्या मनातलं दुःख तिच्या डोळ्यांत दिसत नाही, ते वाचकाला आपल्या पदरचं घालावं लागतं. ज्याच्यापाशी ते भरपूर होतं त्या वाचकाला ती वर्तुळं रिकामी वाटली नसणार.

आता राजकारण. इथे ग्रेची बाजू सावरत बसणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. फ्रँकलिन रूझवेल्टने मार्च १९३३ मध्ये सूत्रं हाती घेतली, ‘न्यू डील’चे कायदे झाले, बेकारांना सरकारी काम मिळू लागलं, कामगार संघटनांना कायद्याचं संरक्षण मिळालं, आणि ग्रेची पट्टी दिवसेंदिवस कडवट होत गेली. १९३४ मध्ये वॉरबक्सवर खटला उभा राहतो, राजकारणी आणि मत्सरी लोक त्याला तुरुंगात धाडतात. त्याच सुमारास शिकागोचा वीजसम्राट सॅम्युअल इन्सल याच्यावर खटला चालू होता. त्याचं कंपन्यांचं साम्राज्य कोसळून असंख्य लहान गुंतवणूकदारांची आयुष्यभराची बचत बुडाली होती. अशा वेळी पीडित धनाढ्याचं चित्र काढणं याला निरागस म्हणता येत नाही. ‘न्यू रिपब्लिक’ साप्ताहिकात रिचर्ड न्यूबर्गरने, जो पुढे ऑरेगॉनचा सिनेटर झाला, या पट्टीला हूव्हरवादाचं मुखपत्र ठरवलं. पुढच्या वर्षी तर त्याच साप्ताहिकाने फॅसिझमचा शब्द वापरला. निमित्त होतं १९३५ च्या ‘इओनाइट’ कथानकाचं. इलाय इऑन नावाचा भला म्हातारा संशोधक एक अभेद्य, स्वस्त पदार्थ शोधून काढतो; वॉरबक्स कारखाना उभारून हजारो बेकारांना काम देऊ पाहतो; आणि क्लॉड क्लॅपट्रॅप नावाचा भाषणबाज पुढारी जमाव भडकवतो. कारखाना जळतो, संशोधक मरतो, त्याच्याबरोबर सूत्रही जातं. वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टनच्या ‘हेरल्ड-डिस्पॅच’ने पहिल्या पानावर ग्रेचा निषेध करून पट्टीच बंद केली. वेस्ट व्हर्जिनिया हा कोळशाच्या खाणींचा प्रदेश. तिथल्या वाचकाला संघटना म्हणजे काय आणि ती नसली तर काय होतं, हे कुणी चित्र काढून सांगायची गरज नव्हती.

टीकाकारांचं हे म्हणणं मला मान्य आहे. पण त्यावरून संपूर्ण पट्टी म्हणजे प्रचार, असा निष्कर्ष काढला तर एक प्रश्न उरतो. इओनाइटच्या कथानकात ॲनी करते काय? ती बघते. मोठी माणसं भाषणं देतात, वाईट माणसं कट करतात, चांगली माणसं मरतात आणि ॲनी कडेला उभी राहून चुकचुकते. भाडं नाही, दुकान नाही, रात्रीची खोली नाही, तिच्या हाताला काम नाही. ग्रे जेव्हा जेव्हा आपलं मत सिद्ध करायला बसला तेव्हा तेव्हा त्याला वॉरबक्स पुढे आणावा लागला, आणि वॉरबक्स पुढे आला की ॲनी मागे पडली. त्याची मतं आणि त्याची प्रतिभा वेगवेगळ्या पात्रांच्या आश्रयाला होती. शिवाय बदनाम झालेल्या या पट्टीत धनिकांची सर्वांत झोंबरी चित्रंही आहेत. मिसेस वॉरबक्सपासून मिसेस ब्लीटिंग-हार्टपर्यंत दानशूरपणाचा देखावा करणाऱ्या बायका येतात, अनाथांच्या नावावर मोठेपणा मिळवतात आणि घरात त्याच अनाथांना राबवतात. खेड्यातल्या सावकाराची, गावावर हुकमत गाजवणाऱ्या बँकवाल्याची ग्रेला जी चीड आहे ती कोणत्याही डाव्या लेखकाइतकी खरी आहे. त्याचं शत्रुत्व दुसऱ्याच्या जिवावर अधिकार गाजवणाऱ्याशी होतं. सरकारी अधिकाऱ्यात त्याला तो दिसला, संघटनेच्या पुढाऱ्यात दिसला. कारखानदारात दिसायला हवा होता, तिथे त्याने डोळे मिटले. हा दोष मोठा आहे आणि तो दोष म्हणूनच नोंदवला पाहिजे.

एक नोंद इथेच करण्यासारखी आहे. ज्या पॅटर्सनने ॲनीला जन्माला घालायला मदत केली तो श्रीमंत घराण्यातला असूनही तरुणपणी समाजवादी होता आणि त्याचं ‘डेली न्यूज’ १९३० च्या संपूर्ण दशकात रूझवेल्टच्या बाजूने उभं होतं. म्हणजे न्यूयॉर्कचा कष्टकरी वाचक अग्रलेखात न्यू डीलची भलावण वाचायचा आणि पान उलटून न्यू डीलला शिव्या घालणाऱ्याची चित्रपट्टी वाचायचा. रूझवेल्टला त्याच लोकांनी १९३६ मध्ये प्रचंड बहुमताने पुन्हा निवडून दिलं आणि १९३७ मध्ये त्यांच्यासारख्याच लोकांनी ॲनीला पहिला क्रमांक दिला. वाचक प्रचाराला भुलले असं म्हणायचं तर त्यांनी मतं भलत्याच माणसाला कशी दिली? ते पट्टीतून प्रचार घेत नव्हते. त्यांना त्यात स्वतःच्या गल्लीसारखी गल्ली दिसत होती.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे आणि तो मुलांच्या बाजूने येतो. राबणारी, कधी न कुरकुरणारी दहा-अकरा वर्षांची मुलगी हा आदर्श म्हणून उभा करणं क्रूर नाही का? ॲनीचा वाढदिवस २९ फेब्रुवारीला, चार वर्षांतून एकदा येणारा. त्यामुळे ती मोठी होत नाही आणि तिचं राबणंही संपत नाही. खऱ्या मुलांचं बालपण मात्र संपत होतं. मंदीच्या काळात अडीच लाखांच्या आसपास किशोरवयीन मुलं घर सोडून मालगाड्यांवर चढून भटकत होती, असा अंदाज सांगितला जातो. विल्यम वेलमनने १९३३ मध्ये त्यांच्यावर ‘वाइल्ड बॉइज ऑफ द रोड’ हा चित्रपट काढला. चाकाखाली पाय जाणं, पोलिसांच्या लाठ्या, उपासमार, हे त्या मुलांचं वास्तव होतं. बालमजुरीवर खरा लगाम १९३८ च्या कायद्याने आला आणि ग्रेला असले कायदे म्हणजे लुडबुड वाटत. इथे मी आक्षेपकर्त्यांच्या बाजूला आहे. ॲनीला दर वेळी मॉ ग्रीन भेटते. मालगाडीवरच्या पोराला ती भेटेलच असं नव्हतं, आणि ज्याला ती भेटत नाही त्याच्यासाठीच कायदा लागतो. पण या युक्तिवादाने पट्टीचं मर्म खोटं ठरत नाही, अपुरं ठरतं. शेजाऱ्याने दार उघडणं आणि सरकारने भाकरीची हमी देणं या दोन गोष्टींना ग्रेने एकमेकींच्या विरुद्ध उभं केलं. त्याच्या वाचकांना दोन्ही हव्या होत्या आणि त्यांनी दोन्ही घेतल्या.

भारतीय वाचकाला या पट्टीत आणखी एक गोष्ट खुपावी अशी आहे. १९३५ मध्ये वॉरबक्सच्या दिमतीला एक धिप्पाड हिंदुस्थानी येतो. डोक्याला फेटा, हातात तलवार, चौकटीत मावणार नाही एवढी उंची. एक जादूचं वस्त्र माणसावर टाकून तो त्याला नाहीसं करतो. त्याचं नाव पंजाब. ग्रे आपल्या पात्रांना स्वभावावरून नावं देतो: युद्धातून पैसा करणारा वॉरबक्स, पोकळ बडबड करणारा क्लॅपट्रॅप. या एका माणसाला मात्र त्याने अख्ख्या प्रांताचं नाव चिकटवलं, जणू त्याला स्वतःचा म्हणून स्वभावच नाही. दोन वर्षांनी ‘द ॲस्प’ नावाचा काळ्या वेशातला, पौर्वात्य वळणाचा मारेकरी त्याच्या जोडीला आला. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून वाढलेल्या पिढीला मॅन्ड्रेकचा लोथार ठाऊक आहे. मॅन्ड्रेक १९३४ चा, म्हणजे त्याच हवेतला. गोऱ्या नायकाच्या मागे आज्ञाधारक, अचाट ताकदीचा परदेशी उभा करायची ती फॅशन होती आणि ती अपमानास्पदच होती. पण माझ्या मुद्द्यासाठी दुसरीही गोष्ट महत्त्वाची. पंजाब आल्यावर ॲनीला धोका उरत नाही. हाक मारली की राक्षस हजर. परीकथेतला दिव्यातला जिन मिळाल्यावर पोरकेपण कसलं? इओनाइटने जे विचारांच्या नावाखाली बिघडवलं तेच पंजाबने जादूच्या नावाखाली बिघडवलं.

दुसऱ्या महायुद्धात पट्टीने एकदा पुन्हा आपलं मूळ बळ दाखवलं. १९४२ मध्ये ॲनीने गावातल्या मुलांची ‘ज्युनियर कमांडोज’ नावाची फौज उभारली. भंगार लोखंड, रबर, कागद गोळा करायचं आणि युद्धकार्याला द्यायचं. गोष्टीतली ही फौज वाचून देशभर खऱ्या मुलांनी हातगाड्या घेऊन तशाच फौजा काढल्या. त्यातल्या एका रविवारच्या पानात ग्रेने जॉर्ज नावाचा काळा मुलगा बरोबरीने सामील करून घेतला. काळ्या वाचकांनी पत्रं लिहून आभार मानले आणि दक्षिणेतल्या एका गोऱ्या संपादकाने आक्षेप घेतला. ग्रे हा काही वर्णभेदाविरुद्धचा लढवय्या नव्हता. पण लेकराच्या पातळीवर, गल्लीत, कामाच्या ओघात त्याची नजर स्वच्छ राहायची. भाषण देऊ लागला की गढूळ व्हायची. दोनच वर्षांनी ते पुन्हा घडलं. १९४४ मध्ये त्याने वॉरबक्सला मरणशय्येवर झोपवलं. आपल्यासारख्या माणसांचा काळ संपला, अशी त्याची भावना. एप्रिल १९४५ मध्ये रूझवेल्टचं निधन झालं आणि त्याच वर्षी वॉरबक्स जिवंत होऊन परतला. एका माणसाच्या मृत्यूवर अशी कुरघोडी करणं मनाला लागतं. चाहत्यांनीही ते लपवू नये.

इतर माध्यमांनी ॲनीचं काय केलं हे पाहिलं की मुद्दा उलट बाजूने तपासता येतो. १९३१ मध्ये ती रेडिओवर देशभर ऐकू येऊ लागली. ओव्हल्टीन या पेयाने कार्यक्रम पुरस्कृत केला, डब्याच्या झाकणाचा कागद पाठवणाऱ्या मुलांना पेले आणि गुप्त संदेश उलगडण्याचे बिल्ले मिळू लागले. रेडिओवरच्या ॲनीला खेड्यातलं घर, मित्र आणि भरपूर साहस होतं. हलाखी फारशी नव्हती. ते खूप चाललं आणि विरून गेलं. मग ग्रेच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, २१ एप्रिल १९७७ ला, ब्रॉडवेवर ‘ॲनी’ हे संगीतनाटक आलं. थॉमस मीहानचं लेखन, चार्ल्स स्ट्राउसचं संगीत, मार्टिन चार्निनची गीतं आणि दिग्दर्शन. त्याचे २,३७७ प्रयोग झाले आणि जगभर आज ॲनी म्हणून ओळखली जाते ती हीच. व्हिएतनाम आणि वॉटरगेटने थकलेल्या देशाला या नाटकाने आशेचं गाणं दिलं. नाटकात १९३३ चा डिसेंबर आहे, आणि ॲनी चक्क रूझवेल्टच्या मंत्रिमंडळासमोर गाऊन न्यू डीलला स्फूर्ती देते. ग्रेच्या मतांचा हा पुरता उलटा प्रवास, आणि त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो नाटकाचा शेवट. नाताळ आहे, झाड सजलं आहे, वॉरबक्स तिला दत्तक घेतो आणि आता कुठेही जाणार नाही. एका संध्याकाळच्या नाटकाला असा शेवट लागतोच, प्रेक्षकांना घरी जायचं असतं. तरी हे लक्षात घेतलं पाहिजे की रूझवेल्ट आत आला म्हणून मूळ गोष्ट तेवढी बदलली नाही, जेवढी डॅडी घरी राहिला म्हणून बदलली. ॲनीला घर मिळालं आणि मॉ ग्रीनची खोली, सायलोंचं जेवणाचं टेबल, गल्लीतलं दुकान, सगळंच तिच्यापुरतं अनावश्यक झालं.

ग्रे ९ मे १९६८ ला गेला तोपर्यंत पट्टी काढतच होता. नंतर इतरांनी ती चालवून पाहिली, मग जुन्याच पट्ट्या पुन्हा छापल्या गेल्या, आणि नाटक गाजल्यावर १९७९ पासून लेनर्ड स्टारने तिला दोन दशकं सन्मानाने चालवलं. नव्या शतकात वृत्तपत्रंच आटत चालली, तिथे चित्रपट्टीचं काय. शेवटची पट्टी १३ जून २०१० च्या रविवारी आली तेव्हा ती घेणारी वृत्तपत्रं वीसही उरली नव्हती. त्या शेवटच्या रविवारी ॲनी घरी नव्हती. परमुलखात एका खुनशी माणसाच्या ताब्यात होती, आणि ती आता कधी दिसणार नाही असं डॅडी वॉरबक्सने मनाशी मान्य करत आणलं होतं. गोष्ट तिथेच, अर्ध्यावर थांबली. तिला सोडवून आणलं चार वर्षांनी, २०१४ मध्ये, ‘डिक ट्रेसी’ने, पॅटर्सनच्याच उत्तेजनाने १९३१ मध्ये सुरू झालेल्या, वृत्तपत्रांना पट्ट्या पुरवणाऱ्या ॲनीच्याच सिंडिकेटमधल्या, कित्येक वर्तमानपत्रांत तिच्याच पानावर छापल्या जाणाऱ्या शेजारच्या पट्टीने.